मुक्कामी विषाणू

हर्पिस कुळातील विषाणूंच्या अभ्यासात माझे सारे कर्ते आयुष्य गेले, आणि या अभ्यासाने मला काय दिले असे कोणी विचारले तर मी निःशंकपणे सांगेन की, जे आढळले नाही ते अस्तित्वातच नाही असा निवाडा देण्याची घाई संशोधकाने कधी करू नये, हा धडा. देवीचा विषाणू रोगी वाचला तर त्याचे शरीर सोडून जाई. हर्पिसचे विषाणू मात्र एकदा आले की जन्माचे रहिवासी होतात. बालपणी कांजिण्या येऊन गेलेल्या मनुष्याला उतारवयात नागीण उठते, तेव्हा बाहेरून नवे काहीच आलेले नसते. कांजिण्यांचाच विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत इतकी वर्षे निपचित पडलेला असतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झाली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने तो त्वचेवर उतरतो. नागिणीने कमरेला पुरता विळखा घातला की माणूस दगावतो, ही भीती आमच्याकडे घरोघरी होती. परंतु अशा प्रत्येक गाठीचा अंमल आपल्या बाजूच्या त्वचेच्या एका पट्ट्यापुरताच चालत असल्यामुळे नागीण बहुधा शरीराच्या मध्यरेषेशी येऊन थांबते, हे उमगले म्हणजे त्या भीतीला आधारच उरत नाही.

कांजिण्या आणि नागीण यांचा हा संबंध १९६५ साली सुसंगतपणे मांडला तो इंग्लंडातील सायरनसेस्टर येथे वैद्यकी करणाऱ्या एडगर होप-सिम्पसन यांनी, आपल्याच रोग्यांच्या वर्षानुवर्षे राखलेल्या नोंदींच्या बळावर. ओठांवर जर उठविणाऱ्या विषाणूविषयी असाच तर्क अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ सालीच केला होता. तथापि त्याला प्रयोगाचा भक्कम दाखला मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले. जॅक स्टीव्हन्स व मार्जरी कुक यांनी उंदरांच्या मागच्या पायाच्या तळव्याला संसर्ग केला, आणि ते उंदीर बरे झाल्यावर त्यांच्या कण्यालगतच्या गाठी तपासल्या. गाठी कुटून अर्क पाहावा तर विषाणूचा मागमूस नाही. पण तशाच गाठी अखंड व जिवंत राखून पोषक द्रवात ठेवल्या, की काही दिवसांनी विषाणू तेथे रुजू! उत्तर हवे असेल तर ज्याला प्रश्न विचारावयाचा ते जिवंत राखले पाहिजे, हे या प्रयोगाइतक्या स्वच्छपणे मला अन्यत्र कोठेही दिसलेले नाही.

आमच्या प्रयोगशाळेतील नित्यकर्म याच प्रयोगाचे वंशज होते. उंदराच्या कवटीच्या तळाशी असलेली, चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची तांदळाच्या कणीएवढी गाठ चिमट्याने अलगद सोडवून घ्यावी, माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींच्या पातळ थरावर ठेवावी, आणि रोज सकाळी तो थर सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावा. प्रथम काहीच घडत नाही. मग एके दिवशी गाठीच्या कडेच्या चार-दोन पेशी फुगून गोल झालेल्या दिसतात आणि जाणत्या डोळ्याला तेवढ्यावरून कळून चुकते. तेथील द्रव दहा-दहा पट पातळ करीत नव्या थरांवर घालून, वर दाट लेप देऊन, दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग चढविला, म्हणजे जेथे जेथे विषाणूने पेशी मारल्या तेथे तेथे रंगहीन वर्तुळे उमटतात. त्यांची मोजदाद हाच आमच्या दप्तराचा मूळ ऐवज. विद्यार्थ्यांना मी एक शिस्त कटाक्षाने लावली: ‘विषाणू आढळला नाही’ एवढेच लिहून भागणार नाही, गाठ किती दिवस जिवंत राखली आणि किती दिवस पाहिली, हा तपशील सोबत हवाच, त्यावाचून नकाराला किंमत नाही.

गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले असायक्लोव्हिर हे औषध या विद्येचे मोठेच यश होय. विषाणूच्या स्वतःच्या विकरानेच ते प्रथम कार्यक्षम होत असल्यामुळे निरोगी पेशींना त्याची झळ फारशी लागत नाही. परंतु याच कारणाने, विकर न बनविता स्वस्थ पडलेल्या सुप्त विषाणूपुढे ते निरुपाय ठरते. फोड सुकल्यावर आपण रोग्याला ‘बरे झालात’ म्हणतो, ते आजमितीस अर्धेच खरे आहे. तरुण संशोधकांनी आपल्या बुद्धीची उत्तम वर्षे या निपचित विषाणूला द्यावीत, असे मी आग्रहाने सांगतो. कारण तेथे फळ उशिरा येते हे खरे असले, तरी रोग्याला पुरते खरे सांगता यावे यासाठी दुसरा मार्ग नाही.