मायोरीत तेरा माणसांचं घर

इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर भाड्याचं घर शोधायला बसलं की पहिल्यांदा समोर येतात ते पोझितानोचे फोटो. डोंगराच्या उतारावर एकावर एक चढलेली गुलाबी-पिवळी घरं, गच्चीवर लिंबाचा मांडव, खाली निळंशार पाणी. आमच्या घरातल्या मुलांनी त्यातली चार-पाच घरं निवडून पाठवलीसुद्धा. प्रत्येकाखाली लिहिलं होतं, समुद्र पाच मिनिटांवर. मी मात्र प्रत्येक घरमालकाला एकच गोष्ट विचारत होते : रस्त्यावर गाडी थांबते तिथून तुमच्या दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारातून झोपायच्या खोलीपर्यंत किती?

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. आईचे दोन्ही गुडघे दुखरे, आणि काकांची बायपास झालेली. सोबत काकू, ताई-भावोजी, म्युनिकहून येणारे भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, आणि आम्ही तिघं. एकूण तेरा माणसं.

हा किनारा पायऱ्यांचा का आहे, हे समजून घेतलं तर घर निवडणं सोपं जातं. व्हिएत्रीपासून पोझितानोच्या पुढपर्यंत डोंगर सरळ समुद्रात उतरतात. आजचा गाडीरस्ता, म्हणजे राज्यमार्ग 163, एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी ही गावं एकमेकांना जोडली होती ती होड्यांनी आणि डोंगरातल्या पायऱ्यांनी. लिंबाच्या बागा उतारावरच्या दगडी टप्प्यांवर, आणि लिंबाची ओझी खांद्यावर घेऊन बायका त्या पायऱ्या उतरायच्या. घरंही त्याच वाटांवर बांधलेली. त्यामुळे नकाशावर रस्त्याला चिकटून दिसणारं घर प्रत्यक्षात रस्त्याच्या दीडशे पायऱ्या वर असू शकतं, आणि नकाशात उंची दिसत नाही.

उत्तरं नाना तऱ्हेची आली. 'थोडंसंच चढायचं.' 'इथले म्हातारे रोज चढतात.' एकांनी प्रामाणिकपणे कळवलं की एकशे ऐंशी आहेत आणि सामान वर न्यायला माणूस मिळतो. सामानाची सोय झाली, पण आईचं काय? शेवटी मायोरीतल्या एका बाईंनी फोन हातात धरून रस्त्यापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून पलंगापर्यंत चालत काढलेली चित्रफीत पाठवली. वाटेत तीन पायऱ्या, बाजूला कठडा. घर तिथेच ठरलं. खरं तर एकाच इमारतीतले दोन फ्लॅट, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर.

मायोरीचं नाव पर्यटकांच्या तोंडी कमी असतं. पण या किनाऱ्यावरची सर्वांत लांब, जवळजवळ एक किलोमीटरची वाळू इथे आहे, आणि गावाचा मुख्य रस्ता सपाट आहे. या सपाटीमागे दुःखाची गोष्ट आहे. 1954च्या ऑक्टोबरमध्ये इथे प्रचंड पूर आला, गावाचा मोठा भाग वाहून गेला, माणसं गेली. समुद्रासमोरच्या बऱ्याच इमारती त्यानंतरच्या. पोझितानोसारखं रूप त्यांना नाही, पण त्यांना लिफ्ट आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर मी आजही रूपापेक्षा लिफ्टच निवडेन.

बाबांना मात्र मायोरी वेगळ्याच कारणासाठी हवं होतं. तरुणपणी पुण्यात फिल्म सोसायटीत त्यांनी रोसेलिनीचा 'पायसा' पाहिला होता. 1946च्या त्या चित्रपटाचा काही भाग मायोरीत चित्रित झाला, पुढेही रोसेलिनी इथे काम करायला परत परत आला, आणि नंतर भारतात येऊन त्याने भारतावरच चित्रपट केला. हे सगळं त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मुलांचा पोझितानोचा हट्ट आपोआप मावळला.

एक मोठा बंगला की दोन फ्लॅट, यावर घरात बरीच चर्चा झाली. बंगल्यात सगळे एकत्र राहतील, असं ताईचं म्हणणं. माझं मत दोन फ्लॅटचं होतं आणि ते मी सोडलं नाही. काका पहाटे पाचला उठतात, मुलं रात्री एकला झोपतात. शिवाय इटलीत घरगुती विजेचं कनेक्शन बहुधा फक्त तीन किलोवॉटचं असतं. पाणी तापवायचा बॉयलर, ओव्हन आणि कपडे धुण्याचं मशीन एकदम चालू केलं की लाइट गेलीच समजा, आणि मग खाली जिन्यातल्या मीटरच्या कपाटापर्यंत जाऊन खटका वर करायचा. तेरा माणसांच्या आंघोळी एका मीटरवर काढण्यापेक्षा दोन मीटर बरे. ते दुसऱ्याच दिवशी पटलं. वरच्या फ्लॅटची लाइट गेली, आणि खालच्या फ्लॅटमध्ये काकूंचा चहा शांतपणे उकळत होता.

तारखा ठरवणं हेच सर्वांत कठीण गेलं. ऑगस्ट नको होता. 15 ऑगस्टला इटली सगळी सुट्टीवर असते, त्या दिवशी मायोरीत देवी मारियाचा उत्सवही असतो, आणि भाडी चढलेली असतात. इकडे साताऱ्याला काकांकडे गौरी-गणपती. 2025 साली गौरींचं विसर्जन 2 सप्टेंबरला होतं, आणि बव्हेरियातल्या शाळांची सुट्टी 15 सप्टेंबरला संपत होती. मधे पितृपक्ष लागत होता. काकूंनी पहिला प्रश्न तोच केला. आजोबांची तिथी दशमीची, म्हणजे त्याआधी घरी पोचायलाच हवं. हंगामातली घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशी मिळतात. 6 ते 13 सप्टेंबर हा एकच आठवडा सगळ्या गाळण्यांतून खाली उतरला.

मग कागदपत्रं. भावाच्या कुटुंबाला जर्मनीत राहण्याचा परवाना आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा आम्हा नऊ जणांचाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवासविमा किमान 30 हजार युरोंचा लागतो. राहण्याच्या कागदावर नऊच्या नऊ नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहून घ्या, एवढं मी आवर्जून सांगेन. गटाचं घर एकाच्या नावावर घेतलं की बाकीच्यांच्या अर्जात ते राहतात कुठे, असा प्रश्न उभा राहतो. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच घर घ्यायचं, हेही मी धरून बसले होते. महिनाभर आधीपर्यंत पैसे परत मिळण्याची अट असलेली घरं थोडी महाग पडतात, पण नऊ अर्जांपैकी एकही अडला तर काय, हा विचार रात्री झोपू देत नाही.

इटलीत 2025पासून अल्पमुदतीच्या भाड्याच्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळखक्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. तो नसेल तर पुढे बोलूच नये. पोचल्यावर घरमालकाला पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते, म्हणून ते पासपोर्ट मागतात. बाबांना ते जरा खटकलं होतं, पण कायदाच तसा आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतः सगळ्यांचे पासपोर्ट क्रमाने लावून दिले. पालिकेचा मुक्कामकर माणशी आणि रात्रीमागे असतो. तेरा माणसांचा तो बरा आकडा होतो आणि बहुधा भाड्यात धरलेला नसतो. शेवटची साफसफाई आणि अनामत रक्कमही वेगळी. हे तिन्ही आकडे आधी लिहून मागवले की शेवटच्या दिवशी कुणाच्या मनात काही राहत नाही.

गाड्यांचं म्हणाल तर भावोजींची फार इच्छा होती स्वतः चालवायची. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही त्यांनी काढून ठेवला होता, इटलीत आपल्या परवान्यासोबत तो लागतोच. पण साध्या परवान्यावर चालकासकट नऊ जणांचीच गाडी चालवता येते, म्हणजे आम्हाला दोन गाड्या आणि दोन चालक लागले असते. रस्ता असा की वळणावर समोरून बस आली की एकाला मागे घ्यावं लागतं. गावात गाडी लावायची जागा मोजकी आणि तासावर पैसे. शिवाय उन्हाळी हंगामात शनिवार-रविवारी, आणि ऑगस्टमध्ये रोजच, सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळात या रस्त्यावर नंबरपाटीच्या सम-विषम आकड्यानुसार गाड्या सोडतात. भाड्याची गाडी कोणत्या आकड्याची मिळेल हे आपल्या हातात नसतं, आणि आमचं येणं-जाणं दोन्ही शनिवारी. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना ही अट नाही. म्हणून ठरलं : येण्याच्या दिवशी, जाण्याच्या दिवशी आणि रावेल्लोला जाताना चालकासह दोन मोठ्या गाड्या. बाकीचे दिवस बोट, बस आणि पाय. घरभाड्याच्या खालोखाल खर्च याच गाड्यांवर झाला आणि त्यातला एकही युरो वाया गेला असं मला वाटत नाही.

अशा गाडीत आठ माणसं बसतात, पण आठ माणसं आणि आठ मोठ्या बॅगा मावत नाहीत. म्हणून माणशी एक मध्यम बॅग, असा नियम मी केला. काकूंचा प्रेशर कुकर त्यातच बसवायचा होता, तो बसला. आत तूरडाळ भरून.

रोमहून सालेर्नोला वेगवान रेल्वेने साधारण दोन तास लागतात. भावाचं कुटुंब विमानाने नेपल्सला उतरून तिथून रेल्वेने आलं. सालेर्नोचं स्टेशन आणि बोटीचा धक्का चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि चेतारा, मायोरी, मिनोरी करत अमाल्फीला जाणारी बोट तिथूनच सुटते. ज्येष्ठ मंडळी आणि सगळं सामान गाड्यांत, तरुण मंडळी बोटीने, असा बेत होता. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता आणि धक्क्यावर बोटी बंद असल्याची पाटी लागली होती. या किनाऱ्यावर बोटीच्या भरवशावर विमान किंवा रेल्वे कधी बांधू नये. वारा उठला की बोट थांबते, त्यात कुणाचा दोष नाही. मुलं बसने गेली. बसचं तिकीट आधी काढायचं असतं, ठळक 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात. वहिनीने ती भराभर आणली. बस खच्चून भरलेली, भाचा पूर्ण वेळ उभा, पण दरीच्या बाजूला खिडकीपाशी असल्याने भलताच खूश.

पुढच्या दिवशी समुद्र निवला आणि मग बोटच आमची एसटी झाली. मायोरीच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता सपाट, आणि बोटीत चढताना खलाशी हात देतात. आई त्या हाताला धरून इतक्या सहज चढायची की बाबा दरवेळी वळून बघायचे. अमाल्फीत कॅथेड्रलसमोर बासष्ट पायऱ्या आहेत. आई आणि काकू खालच्या चौकात कॉफी घेत बसल्या. काका मात्र, डॉक्टरांनी हळूहळू चढायला सांगितलंय म्हणत, मधे मधे थांबत वर गेले आणि वरून त्यांनी हात केला. मिनोरीपर्यंतची लिंबाची वाट फक्त मुलं आणि भावोजी चालून आले. तेवढ्या वेळात आम्ही बोटीने मिनोरीला जाऊन त्यांची वाट बघत बसलो. सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं, हा आग्रह मी पहिल्यापासून ठेवला नव्हता. जेवणाला एकत्र असलं की पुष्कळ.

समुद्रकिनाऱ्यावर भाड्याच्या छत्र्यांचा भाग वेगळा आणि मोफत वाळूचा वेगळा. आम्ही ज्येष्ठांसाठी पहिल्या भागात छत्र्या आणि खुर्च्या घेतल्या, मुलं पलीकडे मोफत वाळूत. मधलं अंतर हाकेचं.

रावेल्लो समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचावर आहे. लग्नाच्या वाढदिवसाची संध्याकाळ तिथे घालवायची, हे गाड्या ठरवतानाच ठरवून ठेवलं होतं. चौकाच्या जितकं जवळ सोडता येईल तितकं चालकाने सोडलं. व्हिला रूफोलोच्या बागेत, जिथे 1880 साली संगीतकार वाग्नर येऊन गेला होता, आईबाबा कठड्यापाशी बराच वेळ उभे होते. खाली मायोरीच्या वाळूची पट्टी ओळखू येत होती. बाबांनी आईला आपली इमारत बोटाने दाखवली, आणि आईने आदल्या दिवशी वाळत घातलेले टॉवेल आत घेतलेत का, ते ताईला विचारलं.

जायच्या शनिवारी सकाळी दहाच्या आत घर सोडायचं होतं. ओला कचरा, काच, प्लास्टिक यांचे वार तिथे ठरलेले असतात, आणि कोणत्या दिवशी काय बाहेर ठेवायचं तो तक्ता फ्रिजवर लावलेला होता. वहिनीने आदल्या रात्रीच सगळं वेगवेगळं करून ठेवलं. घरमालकीणबाई आल्या, खोल्या बघितल्या, अनामत रक्कम जागच्या जागी परत दिली. काकूंनी उरलेली तूरडाळ त्यांना देऊन कशी शिजवायची ते मराठीतच सांगितलं, आणि भाच्याने ते इटालियनमध्ये टाइप करून त्यांच्या फोनवर पाठवलं. दोन्ही गाड्या खाली उभ्या होत्या. काका पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा होते, दशमीच्या आधी साताऱ्याला पोचायचं होतं ना.