एका ताफ्याची वंशावळ

जहाज कंपन्यांच्या ताफ्यांच्या याद्यांना वाङ्मय म्हणावे काय, हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळतो आहे. यादी म्हणजे तरी काय? नाव, जलावतरणाचे वर्ष, टनभार, बांधणाऱ्या गोदीचे गाव, आणि सरतेशेवटी एका ओळीत गती : बुडाले, विकले, मोडीत काढले. विशेषण नाही, शोक नाही. बखरींना जोडलेल्या वंशावळी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हा कोरडेपणा परिचयाचा वाटेल. तिथेही 'निपुत्रिक वारले' या दोन शब्दांत एक घराणे आटोपते. ज्या कंपनीची यादी आम्ही गेली काही वर्षे अधूनमधून वाचत आलो ती पी अँड ओ, म्हणजे पेनिन्शुलर अँड ओरिएंटल. आज हे नाव सागरी सहलींच्या बोटींवर दिसते. मराठी वाचकाने ती बोट आपल्या चरित्रग्रंथांत अनेकदा पाहिलेली आहे. फक्त कंपनीचे नाव त्याच्या ध्यानात राहिलेले नसते.

कंपनीची सुरुवात १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालकडे डाक नेण्याच्या कंत्राटाने झाली. या दोन देशांच्या राजघराण्यांचे रंग तिच्या निशाणावर आले. १८४० मध्ये सनद मिळाली आणि नावात 'ओरिएंटल' हा शब्द शिरला. संस्थापकांपैकी आर्थर अँडरसन हा शेटलंड बेटांवरचा. त्याने १८३५ मध्ये आपल्या वृत्तपत्रात आइसलंड आणि फॅरो बेटांच्या सहलीची एक लटकी जाहिरात छापली होती असे सांगतात. अशी सहल अस्तित्वातच नव्हती. पुढे १८४४ मध्ये थॅकरेला कंपनीने फुकट प्रवास घडवला. 'लेडी मेरी वुड', 'टेगस' आणि 'आयबेरिया' अशा तीन बोटींतून तो भूमध्य समुद्रात हिंडला आणि १८४६ मध्ये त्याचे कॉर्नहिल ते कैरो प्रवासाचे पुस्तक निघाले. ते त्याने एका बोटीच्या कप्तानाला अर्पण केले आहे. प्रायोजित प्रवासवर्णन हा आपल्या काळाचा शोध आहे असे मानणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावे.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला तेव्हा खरे तर कंपनीची पंचाईत झाली. इजिप्तच्या भूमीवरून उतारू आणि डाक पलीकडे नेण्याची मोठी व्यवस्था तिने उभारली होती आणि ती एकाएकी निरर्थक ठरली. त्यातूनही ती सावरली. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने 'व्हिक्टोरिया', 'ब्रिटानिया', 'ओशियाना' आणि 'आर्केडिया' या चार बोटी आल्या. ही चार नावे वाचकाने लक्षात ठेवावीत. यांपैकी 'ओशियाना' १९१२ मध्ये मुंबईकडे सोन्याचांदीच्या लगडी घेऊन निघाली असताना इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच एका जर्मन शिडाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. नाव मात्र बुडाले नाही. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तसेच या कंपनीत चालते.

आता 'मोरिया'. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या बंदरात ज्या बोटीच्या गवाक्षातून उडी घेतली ती ही बोट. वर्गात हा प्रसंग निघाला की 'मोरिया' हा शब्द आमचे विद्यार्थी जवळजवळ मंत्रासारखा उच्चारतात, आणि त्यात नवल नाही. मराठी कानाला त्यात गणपतीचा गजर ऐकू येतो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण ती बोट होती कोणाची?" प्रश्न साधा होता आणि आम्हांला तो फार आवडला. 'मोरिया' हे ग्रीसच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पाचे जुने नाव. कंपनीने १९०३ ते १९११ या काळात 'म' या अक्षराने सुरू होणाऱ्या दहा मोठ्या बोटी बांधल्या, त्यांपैकी ही १९०८ ची. मार्सेल्स हे या डाकबोटींचे नेहमीचे ठाणे. बिस्केच्या उपसागराचा त्रास नको असलेले साहेबलोक लंडनहून आगगाडीने तिथवर येत आणि तिथे बोटीत बसत. म्हणजे ज्या धक्क्यावरून एक राजबंदी पोहून निसटू पाहत होता, त्याच धक्क्यावर नोकरीवर परतणारे कलेक्टर आणि त्यांच्या मडमा आपापल्या ट्रंका मोजून घेत असत. राजद्रोहाच्या आरोपीला नेण्यासाठी सरकारने खास गलबत काढले नव्हते. वेळापत्रकातली नेहमीची बोट पुरेशी होती. साम्राज्याची ताकद तोफांपेक्षा वेळापत्रकात अधिक होती असे आमचे मत या एका तपशिलाने पक्के झाले. त्या उडीमुळे हेगच्या लवादापुढे फ्रान्स आणि ब्रिटन यांचा दावा चालला. फेब्रुवारी १९११ मध्ये निर्णय ब्रिटनच्या बाजूने लागला. बोटीच्या यादीत यांतले काही नाही. तिथे आहे ती फक्त बांधणी, टनभार, आणि १९३० मध्ये मोडीत.

चार वर्षे आधी, १९०६ मध्ये, सावरकर विलायतेस गेले ते याच कंपनीच्या 'पर्शिया' बोटीने. ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. त्या महायुद्धात 'म'च्या दहा बोटींपैकी सहा नाहीशा झाल्या. 'मंगोलिया' तर मुंबईनजीकच सुरुंगावर आदळली. युद्ध संपल्यावर कंपनीने काय केले? 'मोल्डेव्हिया', 'मंगोलिया', 'मुलतान', 'मलोजा' या चारही नावांच्या नव्या बोटी बांधल्या. त्यांपैकी दुसऱ्या 'मुलतान'मधून १५ ऑगस्ट १९३१ रोजी डॉ. आंबेडकर दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले. पंधरवड्याने गांधीजी 'राजपुताना'मधून गेले, तीही पी अँड ओचीच. आदल्या वर्षी पहिल्या परिषदेला जाताना डॉ. आंबेडकर ज्या बोटीवर चढले तिचे नाव 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'. १९२९ मध्ये सेवेत आलेली ही बोट वाफेच्या टर्बाइनवर वीज निर्माण करून त्या विजेवर चालणारी होती. तिच्या डेकवर उभे राहून अस्पृश्यांच्या प्रतिनिधीने काय विचार केला असेल याची कल्पना करण्याचा मोह आम्ही आवरतो. चरित्रकारांनी तो पुरेसा केला आहे. आम्हांला कुतूहल आहे ते नावांचे. 'राजपुताना', 'रांची', 'रणपुरा', 'रावळपिंडी' : १९२५ च्या या चार बहिणींची नावे वाचताना एखाद्या जुन्या शालेय नकाशावर बोट फिरवल्यासारखे वाटते. देश हातात आहे तोवर त्याची नावे बोटींना देता येतात. 'रावळपिंडी' नोव्हेंबर १९३९ मध्ये दोन जर्मन युद्धनौकांपुढे बुडाली, 'राजपुताना' १९४१ मध्ये, 'व्हाइसरॉय' १९४२ मध्ये ओरानजवळ. या नावांना मात्र नातवंडे झाली नाहीत. व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी बोटींची नावे फिरून फिरून येतात; 'रावळपिंडी' परत येत नाही.

मध्येच एक गंमत. १९३१-३२ मध्ये आलेल्या 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथेअर्ड' या बोटींचा काळा वेष उतरवून त्यांना शुभ्र रंग दिला होता आणि प्रत्येकीला तीन धुराडी होती. धूर फक्त मधल्यातून निघे. उरलेली दोन शोभेची, कारण जितकी धुराडी अधिक तितकी बोट भारी अशी उतारूंची समजूत! दुसऱ्या महायुद्धानंतर ती काढून टाकण्यात आली. ('पॉश' हा इंग्रजी शब्द याच कंपनीच्या तिकिटांवरून आला ही व्युत्पत्ती त्याच जातीची, तसे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, तरी ती इंग्रजीच्या वर्गात निष्ठेने सांगितली जाते.)

१९४७ नंतर डाकेचा मार्ग ओसरला. १९५६ मध्ये सुएझ बंद पडला, विमाने आली, आणि १९७० च्या सुमारास कंपनीची मुंबईची उतारू-वाहतूक थांबली. त्याआधी १९६१ मध्ये आलेली सुमारे ४५,००० टनांची 'कॅनबेरा' ऑस्ट्रेलियाच्या मार्गासाठी बांधली होती. तिचाही मार्ग तिच्या हयातीतच संपला आणि १९७३ पासून तिला सहलींना जुंपले. ताफ्याच्या इतिहासातले खरे स्थित्यंतर आमच्या मते हे आहे. कोळसा ते तेल, किंवा काळा रंग ते पांढरा, हे नव्हे. जी बोट कुठेतरी पोचण्यासाठी निघत असे ती आता निघाल्या बंदरी परत येण्यासाठी निघू लागली. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकांना हा फरक आम्ही समजावून सांगायला नको. १९०४ मध्येच कंपनीने 'रोम' या जुन्या बोटीचे 'व्हेक्टिस' असे नाव बदलून तिला सहलीची बोट केले होते. पण ती म्हातारीची सोय होती. आता तोच धंदा झाला. 'कॅनबेरा' १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धावर सैनिक घेऊन गेली आणि परत येऊन पुन्हा सहलींना लागली, हे इंग्रजांनाच जमावे.

पुढची हकीकत हिशेबनीसांची आहे, ती भराभर सांगतो. २००० मध्ये सहलींचा व्यवसाय मूळ कंपनीपासून वेगळा झाला. २००३ मध्ये तो अमेरिकेच्या कार्निव्हलशी जोडला गेला. मूळ कंपनी २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने घेतली. त्यामुळे २०२२ च्या मार्चमध्ये पी अँड ओ फेरीजने सुमारे ८०० खलाशांना एका ध्वनिचित्रफितीवरून कामावरून काढले आणि त्यांच्या जागी स्वस्तातले कंत्राटी खलाशी आणले तेव्हा, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असा खुलासा सहलवाल्या पी अँड ओला करावा लागला. नाव एक, घरे दोन. मधल्या काळात, ३ जुलै २०१२ रोजी, साउदम्प्टनला ताफ्याच्या सात बोटींनी एकत्र येऊन १७५ वा वर्धापनदिन साजरा केला. त्या सातांत 'अडोनिया' दुसऱ्याच कंपनीसाठी बांधलेली आणि तीन नावे टाकून आलेली. 'ओशियाना' पूर्वाश्रमीची 'ओशन प्रिन्सेस'. आणि 'आर्केडिया'ची बांधणी हॉलंड अमेरिकेसाठी सुरू झाली, पुढे ती क्यूनार्डची 'क्वीन व्हिक्टोरिया' व्हायची ठरली आणि अखेर २००५ मध्ये 'आर्केडिया' म्हणून इथे आली. १८३७ पासूनची अखंड परंपरा म्हणून मिरवलेली वंशावळ अशी दत्तकविधानांनी भरलेली आहे. आम्ही हे दूषण म्हणून सांगत नाही. आपल्या संस्थानिकांच्या वंशावळीही काही वेगळ्या नाहीत.

मात्र एक दुसरी यादी आहे. आमच्या आजोळी, रत्नागिरीच्या खाडीकाठी, एक निवृत्त खलाशी होते. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांच्या लाकडी पेटीत खलाशाचे सेवापुस्तक होते. त्यात प्रत्येक सफरीची एक ओळ : बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, आणि कौशल्य व वर्तणूक यांपुढे 'उत्तम' असा शिक्का. 'स्ट्रॅथमोर', 'चुसान', 'आर्केडिया' (१९५४ ची), आणि दोन मालवाहू बोटी. चाचांना ते वाचता येत नसे, पण पान उघडले की ओळ कोणत्या बोटीची हे ते अचूक सांगत. कुठल्या बोटीचा सारंग खाष्ट होता आणि कुठल्या बोटीवर भंडारी पोटभर वाढायचा, यावरून त्यांनी ताफ्याची प्रतवारी लावलेली होती. आम्हांला ती अधिक विश्वसनीय वाटते. 'स्ट्रॅथमोर' १९६३ मध्ये ग्रीक मालकाला विकली गेली, हे आम्ही त्यांना यादीत पाहून सांगितले. "मग नाव पण बदललं असेल," एवढेच ते म्हणाले.

कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी कोकण-गुजरातचे, भट्टीवरचे बरेचसे पंजाबी, आणि जेवणघरातले, केबिनींतले बहुतेक गोव्याचे, ही वाटणी कित्येक दशके चालली. धोबीतलावच्या कुडांमध्ये गावोगावचे गोंयकार तारवटी बोट मिळेपर्यंत मुक्काम करीत. मुंबईच्या भरतीवर चालणाऱ्या या माणसांची नावे ताफ्याच्या इतिहासात येतात ती फक्त संकटकाळी, आणि तीही समूहाने. २० मे १९२२ रोजी मुंबईला निघालेली 'इजिप्त' ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात टकरीने बुडाली. हिंदी खलाशी घाबरून होड्यांकडे धावले अशी ओरड विलायतेच्या वृत्तपत्रांनी केली. मेलेल्यांत बहुसंख्य खलाशीच होते. बोटीवरचे सोने दहा वर्षांनी एका इटालियन चमूने समुद्रतळातून वर काढले. त्यावर पुस्तके आहेत.

आता बोटी बर्म्युडाच्या निशाणाखाली फिरतात. २०२० मध्ये बांधून झालेली 'आयोना' १,८४,००० टनांची आहे आणि ५,२०० उतारू घेते, म्हणजे 'कॅनबेरा'च्या चौपट टनभार. तिच्यावरही गोव्याची आणि मुंबईची मुले आहेत. ऑस्ट्रेलियात पी अँड ओचे नाव २०२५ मध्ये बंद करण्यात आले.

'कॅनबेरा' ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी कराचीजवळच्या गडानीच्या किनाऱ्यावर चढवली. तिचा तळ खोल असल्यामुळे ती वाळूत दूरवरच रुतली आणि तोडायला जवळजवळ वर्ष लागले. १९६६ मध्ये स्वीडिश कंपनीसाठी 'कुंग्सहोल्म' म्हणून सेवेत आलेली आणि १९७९ मध्ये या ताफ्यात शिरून 'सी प्रिन्सेस' व पुढे 'व्हिक्टोरिया' झालेली बोट कंपनीने विकल्यावर आणखी काही नावे घेत ओमानच्या दुक्म बंदरात तरंगते हॉटेल झाली. शेवटचे नाव 'व्हेरोनिका'. त्या नावाने ती गुजरातेत अलंगला आली. अलंगच्या रस्त्यालगत दुकाने आहेत. तिथे मोडलेल्या बोटींच्या खुर्च्या, आरसे, बशा, पितळी कड्या वजनावर आणि घासाघीस करून मिळतात. बशीच्या पाठीवर कधी बोटीचे नाव असते, कधी कंपनीचे, आणि बरेचदा ते घासून गेलेले असते.