तेल बाहेर कसं काढायचं?

गेल्या रमजानच्या एकविसाव्या रोज्याला माझ्या भाच्याचा हात भाजला. तेव्हापासून तळणीच्या भांड्यांबद्दल मला जेवढं कळलं, तेवढं वीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. कॉइल, किलोवॅट, थर्मोस्टॅट हे माझे विषय नव्हेत. पण पैसे माझ्या भिशीचे होते आणि हात माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलाचा होता, म्हणून शिकावं लागलं.

माझी धाकटी बहीण, आम्ही तिला छोटी म्हणतो, चिपळुणात घराच्या पडवीत बसून दोन वर्षं रमजानचे समोसे आणि चिकन रोल तळून विकत होती. मेहुणे दुबईच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये चौदा वर्षं होते. हॉटेल बंद पडलं आणि ते परत आले. मग रमजानपुरता असलेला धंदा घराचा आधार झाला. सगळं एका लोखंडी कढईवर चालायचं. आठ लिटर तेल, खाली गॅसची भट्टी, आणि असरनंतर दारात इफ्तारीसाठी थांबलेली मुलं.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर तेल गाळायचं होतं. गॅस बंद करून अर्धा तास झाला होता. वरून तेल अगदी शांत दिसतं, पाण्यासारखी वाफ नाही, बुडबुडा नाही. एक कान छोटीने धरला, दुसरा भाच्याने. त्याच्या हातातलं फडकं सरकलं. मनगटापासून कोपरापर्यंत तेल गेलं. शेजारच्या खाला टूथपेस्ट घेऊन धावल्या, कोणी बर्फ आणला. मी त्याचा हात नळाच्या धारेखाली धरला आणि घड्याळात वीस मिनिटं होईपर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे बरंच वाचलं, अल्हम्दुलिल्लाह. तरी त्याने वार्षिक परीक्षेचे पहिले दोन पेपर डाव्या हाताने लिहिले. उत्तरपत्रिका माझ्याकडेच तपासायला आल्या. ते अक्षर वाचताना मी ठरवलं की पुढच्या रमजानला ही कढई अशी उचलली जाणार नाही.

दिवाळीनंतर बाजाराजवळ एक गाळा भाड्याने मिळाला. छोटी आणि मेहुण्यांचं जमवलेलं आणि माझी भिशी मिळून 60 हजार रुपये होते. त्यातूनच टेबल, ओटा, वायरिंग आणि तळणीचं मशीन. हप्त्याने घ्या, असं दोन दुकानदारांनी सुचवलं; व्याजाचा हप्ता आम्हाला नको होता, म्हणून जे घ्यायचं ते एवढ्यात बसवायचं होतं आणि चूक झाली तर दुसरं घ्यायला काही उरणार नव्हतं.

मेहुण्यांचं मत आधीच ठरलेलं होतं. जमिनीवर उभं राहणारं, गॅसवरचं, दुबईत होतं तसं. "बाजी, त्यावर आम्ही एका रात्रीत शेकडो प्लेट काढायचो," असं ते दर वेळी सांगत. छोटीला काहीच नको होतं. तिला कढईच हवी होती, फक्त नवीन. आणि मी मधे. मेहुण्यांना चौदा वर्षं मशीन वापरायचा अनुभव होता, पण निवडायचा एकदाही नाही, हे मी मनात ठेवलं, बोलले नाही.

आम्ही तिघं तुतारीने निघालो आणि सकाळी दादरला उतरलो. दिवसभरात पाच दुकानं पाहिली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "किती लिटरचं दाखवू?" जणू लिटर कळले की सगळं कळलं. एका ठिकाणी सहा लिटरचं आणि बारा लिटरचं शेजारी शेजारी ठेवलं होतं. किमतीत फार फरक नव्हता. मेहुणे मोठ्याकडे वळले. मी मागची पट्टी वाचली. दोन्हीवर 2.5 किलोवॅटच लिहिलेलं होतं.

निघण्याआधी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला एका कागदावर हिशेब करून दिला होता, तो तिथे उपयोगी पडला. सहा लिटर तेल म्हणजे साधारण साडेपाच किलो. ते 30 अंशांवरून 180 अंशांपर्यंत न्यायला 2.5 किलोवॅटच्या कॉइलला किमान 11 मिनिटं लागतात. बारा लिटरला त्याच कॉइलने 22. पण हे फक्त सुरुवातीचं झालं. खरी परीक्षा समोसे टाकल्यावर. समोशातलं, चिकनमधलं पाणी उडून जाण्यालाच आपण तळणं म्हणतो, आणि ते पाणी उडवायला लागणारी उष्णता शेवटी कॉइलच देते. टाकी मोठी आहे म्हणून जास्त माल टाकला तर तेल 180 वरून 150 च्याही खाली येतं आणि तिथेच रेंगाळतं. मग समोसा तळला जात नाही, तेल पितो. घरी घाईत आपण कढई भरून टाकतो तेव्हा पुऱ्या तेलकट होतात, त्याचं कारण हेच. सरांचा अंदाज असा की एक किलो मालाला सहा किलो तेल हवं, म्हणजे सहा लिटरच्या टाकीत एका वेळी पाऊण-एक किलोच्या वर नाही.

दुकानदाराला मी विचारलं, "बारा लिटरला कॉइल तेवढीच का?" तो म्हणाला, "मॅडम, हेवी ड्युटी आहे." हे दोन शब्द त्या दिवशी आम्ही बहुतेक वीस वेळा ऐकले.

छोटी सकाळपासून गप्प होती. तिसऱ्या दुकानात तिने मशीनच्या आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "यातलं तेल बाहेर कसं काढायचं?"

दुकानदाराने दाखवलं. टाकी दोन्ही बाजूंनी धरायची, उचलायची, ओतायची. हँडल आहे ना.

छोटी माझ्याकडे बघत राहिली. आम्ही इतका प्रवास करून आलो होतो आणि पुन्हा गरम तेलाचं भांडं दोन कानांनी उचलायलाच सांगितलं जात होतं. त्याआधीच्या दोन दुकानांतलीही तशीच होती, आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर आम्ही लिटर विचारणं सोडलं आणि सगळीकडे पहिला प्रश्न नळाचा केला. टाकीच्या तळाला नळ आहे का, त्याला चुकून धक्का लागला तर उघडणार नाही अशी खिट्टी आहे का, खाली गाळणीचं भांडं मावेल एवढी उंची आहे का. मेहुण्यांना तेव्हा आठवलं की दुबईतही रात्री तेल नळानेच उतरवत. "तिकडे असतोच, म्हणून विचारायचं सुचलं नाही," ते म्हणाले.

नळाइतकीच मला पटलेली दुसरी गोष्ट म्हणजे टाकीतली थंड जागा. कढईत जाळ थेट बुडाला लागतो. पिठाचा चुरा खाली बसतो तो जळतो, आणि त्या काजळीने सगळं तेल काळं होतं. चांगल्या फ्रायरमध्ये कॉइल तळापासून वर असते. गरम तेल वर राहतं, कॉइलच्या खालचं त्या मानाने थंड. चुरा तिथे पडून राहतो, पण जळत नाही. तेल जास्त दिवस टिकतं. तेल टिकण्याचा प्रश्न फक्त पैशांचा नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 2018 पासून मर्यादा घातली आहे की तळणीच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. ही कंपाउंड्स मोजायचं यंत्र मिळतं. आमच्यासारख्यांनी रंग, वास, फेस आणि धूर पाहावा. नेहमीच्या तापमानालाच तेल धुरायला लागलं तर ते संपलं. रोज थोडं नवीन तेल घालून जुनं चालवत राहणं ही आपल्याकडची सवय, आणि मी कबूल करते, आमच्या पडवीतही तेच चालायचं. आता वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी घेणारे लोक असतात. नाल्यात ओतायची गरज नाही.

मग गॅस की वीज. मेहुण्यांचं गॅसवरचं उभं मशीन शेवटच्या दुकानात होतं, नळासकट, आणि ओढाताण करून पैशांतही बसत होतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, गॅस जात नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण 22 जुलै 2021 चा पूर आम्ही पाहिला आहे. आमच्या गाळ्याच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर. जमिनीवरचं वजनदार मशीन रात्री दोन वाजता कोण उचलणार? टेबलावरचं विजेचं असेल तर तेल उतरवून, कॉइलचा डबा काढून, दोन माणसं ते पोटमाळ्यावर नेऊ शकतात. मेहुणे बराच वेळ त्या गॅसच्या मशीनच्या कडेवरून हात फिरवत उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं. चौदा वर्षं त्या माणसाने दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून ज्याचं स्वप्न पाहिलं, ते आम्ही दोन बहिणींनी पाण्याच्या एका रेघेसाठी नाकारलं.

आम्ही घेतलं ते आठ-आठ लिटरच्या दोन टाक्यांचं. प्रत्येक टाकीला वेगळी तीन किलोवॅटची कॉइल, वेगळा थर्मोस्टॅट, वेगळा नळ. शिवाय थर्मोस्टॅट अडकला आणि तेल फार तापलं तर वीज आपोआप तोडणारा दुसरा कटऑफ. नुसत्या थर्मोस्टॅटच्या भरवशावरचं मशीन स्वस्त मिळतं, पण घेऊ नये.

दोन टाक्यांचा आग्रह माझा. बाहेरगावी, स्टेशनवर, कोणत्या हॉटेलात आपण काही घेतो तेव्हा आपणही विचारतोच ना, "याच तेलात दुसरं काय तळता?" आणि समोरचा हसून उडवून लावतो तेव्हा घास घशाखाली उतरत नाही. आमच्या गाळ्यासमोरून शाळेतल्या बाई जातात, गुरुवार-शनिवार पाळणाऱ्या. बटाट्याचा समोसा त्यांना आवडतो. त्यांनी तोच प्रश्न आम्हाला विचारला तर खरं उत्तर देता यायला हवं. म्हणून डावी टाकी फक्त शाकाहारी, झारा वेगळा, गाळणी वेगळी. मासे तर कुठल्याच टाकीत नाहीत. एकदा बांगडा तळला की पुढचे दोन दिवस रोललाही बांगड्याचा वास.

घरी आल्यावर कळलं की मशीन घेणं हा अर्धाच खर्च. दोन्ही टाक्या एकदम चालल्या की सहा किलोवॅट, म्हणजे 26 अँपिअर. गाळ्याचं मीटर त्या भाराचं नव्हतं. महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज केला. वायरमनने दोन टाक्यांना दोन वेगळ्या लाइनी ओढल्या, अर्थिंग तपासलं, शॉक लागण्याआधी वीज तोडणारा स्विच बसवला. एकाच बोर्डात दोन्ही पिना खुपसून काम भागवणारे मी पाहिलेत. गरम झालेल्या पिनेचा वास तळणीच्या वासात लपतो. मशीनपासून पाण्याची बादली लांब ठेवली. तेलाला आग लागली तर पाणी टाकायचं नाही, वीज बंद करायची आणि झाकण सरकवायचं, हे भाच्याकडून मी तीनदा म्हणवून घेतलं. जुळणारी पत्र्याची दोन झाकणं भिंतीला टांगली आहेत.

आणि कढई? ती गाळ्यात आहेच. मेहुण्यांनी पहिल्याच दिवशी जाळीच्या बास्केटमध्ये कांद्याची भजी सोडली. ओलं पीठ जाळीला असं चिकटलं की भजी सोडवता सोडवता त्यांचा चुरा झाला. छोटी काही बोलली नाही. तिने कढई चढवली आणि हाताने एक एक भजी सोडली. आता समोसे, रोल आणि चिकन मशीनमध्ये, भजी कढईत. लोहाराकडून कढईसाठी लोखंडी स्टँड करून घेतलं आहे, कान त्यात अडकतात, ती हलत नाही. तिचं तेल दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण गार झाल्यावर पळीने काढायचं. तेवढा वेळ ती अडून राहते, राहू दे.

रमजानच्या चार दिवस आधी सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर, 360 अंशांपर्यंतचा, तपासणीसाठी आणला. बटण 180 वर होतं आणि तेल 166. दुसऱ्या टाकीत 171. मेहुणे म्हणाले, परत पाठवू. सर म्हणाले, थोडा फरक सगळ्यांत असतो, तो माहीत असला की झालं. मग भाच्याने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: डावी 194, उजवी 189. खाली तेच उर्दूत. उजव्या हाताने लिहिलं. अक्षर अजून थोडं तिरकं आहे, पण वाचता येतं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून छोटीने दोन्ही बटणांच्या मधोमध चिकटवला आहे.