डॉक्टरांचे गुण

माणूस एकदा डॉक्टर झाला की परीक्षेतून सुटला, असा माझा समज होता. पण महाराष्ट्रात नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 गुण लागतात! आमचे साठीचे डॉक्टर रविवारी व्याख्यानांना जातात. आम्ही म्हणतो, जेवायला. गेल्या वर्षी 'विल्सनचा आजार' ऐकून आले आणि पडशाच्या पेशंटचेही डोळे तपासू लागले. शरीरात तांबं साठतं, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं म्हणे. मी हसलो.

माझ्या भाच्याला दोनदा कावीळ झालेली, अक्षर बिघडलेलं, हात थरथरणारा. 'आळशी' म्हणून मीच त्याला बोलत असे. डॉक्टरांना कडं दिसलं. नेत्रतज्ज्ञांनीही मान डोलावली. आजार 'तुमच्याकडचा' हा वादही मिटला. दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. आता जन्मभर औषध. पण अक्षर वळणावर येतंय.

त्या रविवारचे डॉक्टरांना दोन गुण मिळाले. मला, मामा म्हणून, शून्य.