रामगिरीवरील सहवास

आषाढाचे पहिले ढग रामटेकच्या डोंगरावर उतरू लागले, म्हणजे ज्याने ‘मेघदूत’ एकदा तरी मनापासून वाचले आहे त्याला, कर्तव्यात कसूर झाल्याकारणाने धन्याच्या शापाने एक वर्षपर्यंत हद्दपार झालेल्या त्या यक्षाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. कालिदासाचा रामगिरी कोणता याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; परंतु महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो हाच, असे साधार प्रतिपादन केले, आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात येणारा रामगिरिस्वामीचा उल्लेख या स्थानाची प्राचीन कीर्ती सांगतो. त्या यक्षाचा विरह सर्वांनी वाखाणला. मला मात्र त्याच्या दुःखाची दुसरी एक बाजू फार जाणवते. त्याच्यासाठी वनदेवतांनी अश्रू ढाळले, पण ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा एकही माणूस त्याला त्या डोंगरावर लाभल्याचे कवीने सांगितलेले नाही, आणि म्हणूनच आपला निरोप त्याला एका अचेतन मेघाच्या स्वाधीन करावा लागला.

याच रामटेकात 1997 साली कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. गाव, घर, आईच्या हातचे जेवण आणि आपली बोली मागे ठेवून जो विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठाच्या वसतिगृहात दाखल होतो, त्याचे पहिले काही महिने हे हद्दपारीचेच असतात. अर्ज मंजूर होतो, शुल्काची पावती मिळते, दफ्तरात नाव चढते. परंतु दफ्तरात नाव चढल्याने मनुष्य कोणाचा होत नाही. तो कोणाचा तरी होतो तो सायंकाळी, तास संपल्यावर, जेव्हा वाङ्मय मंडळाचा किंवा नाट्यमंडळाचा एखादा वडीलधारा विद्यार्थी त्याला हाक मारून म्हणतो, “अरे, जरा ही सतरंजी धर बरं.”

त्या क्षुल्लक वाटणाऱ्या हाकेत सांस्कृतिक मंडळांचे सारे मर्म साठवलेले आहे, असे मी मानतो. श्लोकांच्या अंत्याक्षरीचे उदाहरण घ्या. दोन पक्ष समोरासमोर बसतात. एकाच्या श्लोकाचे शेवटचे अक्षर दुसऱ्याने उचलायचे. नामांकित पाठांतरवाल्यांचा साठा संपत येतो, सारा पक्ष ‘र’ या एका अक्षरापाशी अडतो, आणि तोवर मागे मान खाली घालून बसलेली मुलगी, आजीच्या मांडीवर पाठ झालेल्या रामरक्षेतला एक श्लोक खणखणीत म्हणते. त्या क्षणापासून तिचे नाव सर्वांना ठाऊक होते, आणि दुसऱ्या दिवशी भोजनगृहात तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली असते.

नाटकाच्या तालमीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. ‘शाकुंतला’त राजा संस्कृत बोलतो, शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात, आणि सहाव्या अंकाच्या आरंभी शिपायांनी बांधून आणलेला धीवर तर मागधीत आपली कैफियत मांडतो. ज्याच्या उच्चारांविषयी सर्वांना शंका असते, अशा नवख्या मुलाच्या वाट्याला बहुधा हाच धीवर येतो. परंतु माशाच्या पोटातली ती अंगठी त्याच्याच हाती लागते, आणि ती राजापर्यंत पोचल्यावाचून राजाची हरपलेली स्मृती परत येत नाही. ज्या कवीने आपल्या नाटकात राजापासून धीवरापर्यंत प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाणीसह स्थान दिले, त्याच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठात वऱ्हाडी, झाडीबोली किंवा गोंडी बोलत आलेल्या मुलाला आपल्या वाणीची लाज वाटता कामा नये.

विदर्भाला ही परंपरा नवी नाही. ज्या 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, त्याच साली अमरावतीस विदर्भ साहित्य संघाचा जन्म झाला. विद्येच्या इमारतीशेजारी रसिकांची बैठकही हवी, हे त्या पिढीने ओळखले होते. रामटेकात तर अशा बैठकीला सारा आसमंत अनुकूल आहे. गडावर राममंदिर आणि वाकाटककालीन नरसिंहमंदिरे आहेत, कालिदासाचे स्मारक आहे, पायथ्याशी अंबाळा तलाव आहे, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावची माणसे येथे लोटतात. विद्यार्थ्यांच्या मंडळाने एखादे वर्ष गावातल्या भजनी मंडळाला आपल्या रंगमंचावर सन्मानाने बसवावे, परिसरातल्या दंडारीच्या कलावंतांकडून ठेका शिकावा. म्हणजे विद्यापीठ गावात असूनही गावाबाहेर राहिले, असा बोल कोणी लावणार नाही.

मंडळाचे मोल त्याने जिंकलेल्या करंडकांवरून ठरवू नये. निवडक गळे आणि निवडक चेहरे घेऊन स्पर्धा जिंकता येते. समाज उभा राहत नाही. तो उभा राहतो पडदा ओढणारा, संहिता हाती धरून पडद्याआडून शब्द पुरवणारा, भित्तिपत्रकाचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवणारा आणि जमाखर्चाचा हिशेब पैपर्यंत जुळवणारा, या सर्वांना आपण नाटकाचेच धनी आहोत असे वाटू लागते तेव्हा.

म्हणून विद्यापीठांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, अंदाजपत्रकात या मंडळांसाठी तरतूद करताना हात आखडू नका, आणि सायंकाळी सभागृहाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती विश्वासाने द्या. आणि विद्यार्थ्यांनो, नाव नोंदवायला जो आपण होऊन आला नाही त्याच्याकडे तुम्हीच आधी जा. गाता येते का, असे विचारू नका, त्याला एक काम सोपवा.