खुळखुळ्याचें पाखरूं

फुलपांखराला आमच्या वाङ्मयांत मानाचें पान मिळालें. पतंगाच्या वांट्याला दिव्यावर झेंप घेऊन जळून जाणें, एवढेंच आलें. वर्गांत ‘मॉथ’ म्हणजे पतंग असें आम्ही सांगतों, तेव्हां मुलांच्या डोळ्यांपुढें दोरीवरचा कागदी पतंगच उभा राहतो.

पण भर उन्हांत हिंडणारेही पतंग आहेत. पावसाळा सरतां सरतां माळावर खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलांतून आपण चालूं लागलों, कीं पायांजवळून एक पांढुरकें पाखरूं उठतें आणि चार हातांवर जाऊन पुन्हां गवतांत बसतें. पंख पसरले तर तीन-चार सेंटिमीटर. पुढच्या पंखांवर काळे आणि कुंकवासारखे तांबडे ठिपके, मागच्या शुभ्र पंखांना काळी नागमोडी किनार. शास्त्रांत हें युटेथिसा पुल्केला. त्यांतील ‘पुल्केला’, म्हणजे चिमुकली सुंदरी, हें नांव लिनीयसनें १७५८ सालीं दिलें.

हें सौंदर्य नुसत्या शोभेचें नाहीं. अळी खुळखुळ्याचीं व तागाचीं पानें खाते, शेंगा पोखरते आणि त्या झाडांतील विषारी द्रव्यें अंगांत सांठविते. तांबडे ठिपके ही भक्षकांना दिलेली ताकीद आहे. अमेरिकेंतील एका भगिनी-जातीवर थॉमस आयस्नर यांनीं कॉर्नेल विद्यापीठांत संशोधन केलें. तो पतंग जाळ्यांत सांपडला तर कोळी आपणच धागे तोडून त्याला सोडून देतो, असें त्यांना आढळलें.

आफ्रिका, दक्षिण युरोप, मध्य आशिया आणि भारत एवढा ह्या पाखराचा संचार आहे. आपल्याकडे ‘लोट्रिक्स’ ही दुसरी जात इतकी सारखी दिसते कीं, नुसत्या ठिपक्यांवरून दोघींची निवड करणें धोक्याचें. इंग्लंडांत मात्र हें दक्षिणेकडून क्वचित् येणारें पाहुणें. तें एकदां दिसलें तरी दिवस-ठिकाण टिपलें जातें. हॅम्पसनचे भारतीय पतंगांवरील चार खंड १८९२ ते १८९६ या काळांत निघाले. पण ते इंग्रजींत. आमच्या घरांत ह्याला ‘पाखरूं’ यापलीकडे नांव नाहीं.

दुर्मिळाची नोंद होते. जें पायाखालीं विपुल आहे तें कोणी लिहून ठेवीत नाहीं, म्हणून तें केव्हां गेलें हेंही पुढें कोणाला सांगतां येत नाहीं. माळावर घरांचे पाये खणले कीं खुळखुळा जातो, आणि त्याच्यामागून त्याच्यावर जगणारें पाखरूं. वाचकांच्या मुलांनीं शेंग कानाशीं वाजवून झाली कीं त्या झाडापाशीं क्षणभर थांबावें, आणि दिसेल तें तारखेनिशीं वहींत उतरवावें. नांवावांचून अडूं नये, म्हणून आम्ही तूर्त त्याला खुळखुळ्याचें पाखरूं म्हणतों.