नवं

आमच्या पुण्याच्या घराच्या दाराला वर्षभर एक वाळलेली जुडी असते. नव्या शेजाऱ्यांना वाटतं, दिवाळीची सजावट काढायची राहिली. तिला आमच्याकडे, रत्नागिरीकडे, ‘नवं’ म्हणतात.

आश्विन पौर्णिमा ही आमची नवान्न पौर्णिमा. हळवं भात पेरल्यापासून १०० ते ११५ दिवसांत तयार होतं, ते तोवर हाताशी आलेलं असतं. त्यातली पहिली लोंबी घराला बांधायची, मग नव्या तांदळाचा घास घ्यायचा.

आजी ओटीवर सूप घेऊन बसायची. सुपात भाताच्या लोंब्या, वरी, मूठ मिटल्यासारखी नाचणीची कणसं, झेंडू आणि बांधावरचा कुरडू. तळहातावर आंब्याचं पान, पानावर एकेक जिन्नस. देठ जुळवायचे आणि केळीच्या सोपाच्या भिजवलेल्या दोरीने तीन वेढे करकचून द्यायचे. देठ वाळले की आकसतात. वेढा सैल असेल तर दिवाळीआधीच जुडी सुटते. मग आम्ही मुलं ती नवी घेऊन धावायचो. दार, देवघर, कणगी, रहाट, गोठा. मागून आजीची हाक यायची, “नांगराला विसरू नका रे, तो राबलाय.”

बारा वर्षांची असताना मी एकटीने लोंब्यांचं तोरण करायला घेतलं. चांगल्या पिवळ्याधमक लोंब्या कापून आणल्या आणि तीन पदरी वेणी घातली. तोरण दाराला लावेपर्यंत निम्मे दाणे अंगणात झडले होते. आजी रागावली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला शेतात घेऊन गेली. दाणा भरलाय पण काडीत अजून हिरवी झाक आहे, अशी लोंबी तिने माझ्या बोटांना ओळखायला लावली. ती उलटी टांगून सावलीत वाळवली, की काडी सरळ राहते, रंग टिकतो, दाणा सुटत नाही. महिन्याभरात आंब्याचं पान तपकिरी होऊन वळतं, झेंडू काळवंडतो; कुरडू मात्र कागदासारखा कुरकुरीत होऊनही गुलाबी राहतो.

बाबा गेल्यावर दोन वर्षं शेत पडीक राहिलं. जुनं नवं काढतात ते नवीन बांधताना. बांधायला काहीच नव्हतं, म्हणून जुनंच दारावर राहिलं. चिमण्यांनी दाणे टिपून नेले, उरल्या काड्या. बाजारात सुंदर तोरणं मिळतात, पण ज्या शेतात आपण पाऊल टाकलं नाही त्याची लोंबी आपल्या दाराला बांधायला माझा हात धजेना.

तिसऱ्या पावसाळ्यात भावाने आणि मी विहिरीजवळचं एकच खाचर लावलं. भात आलं जेमतेम दोन पोती. पौर्णिमेला मी ओटीवर सूप घेऊन बसले. दाराचं, देवघराचं झालं. शेवटची जुडी घेऊन भाऊ न सांगता पडवीत गेला, जिथे बाबांचा नांगर भिंतीला टेकून उभा आहे.